अठरा मिनिटं चाळीस सेकंद

१

सपनाचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं : व्हिडिओ चालतोय का ते बघायचं. विक्रोळीला घरी आईला, म्हणजे लताबाईंना, ते अजून पटलेलं नव्हतं. “दिवसभर टीव्ही बघायचा पगार देतात होय गं तुला?” असं त्या शेजारणीच्या देखत हमखास विचारायच्या, आणि मग लेकीने चिडावं म्हणून वाट बघत बसायच्या.

अंधेरीच्या एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. कंपनी नर्सिंगच्या मुलींसाठी ऑनलाइन लेक्चर्स तयार करायची. सपनाच्या टेबलामागच्या फळीवर बावीस फोन ओळीने मांडलेले असायचे, प्रत्येकावर आकड्याचा स्टिकर. नवीन लेक्चर आलं की ते बावीस फोनांवर आणि चार ब्राउझरांमध्ये चालवून बघायचं, मगच पुढे सोडायचं. सात वर्षं हेच केल्यामुळे तिला एकेका फोनचा स्वभाव माहीत झाला होता. सात नंबर लवकर तापायचा. अकरा नंबर आवाज आधी द्यायचा आणि चित्र मागाहून. एकोणीस नंबरला उन्हात ठेवलं की तो रुसायचा.

त्या सोमवारी सकाळी ती आली तेव्हा तक्रारींचा आकडा एक्केचाळीसवर गेला होता. सगळ्या एकाच लेक्चरच्या. लेक्चर सव्वीस, ‘औषधांच्या मात्रांचं गणित’, शिक्षिका शर्मिष्ठा गुप्ते.

“शुक्रवारी मी रजेवर होते,” ती आकाशला म्हणाली. सर्व्हरचं सगळं आकाशकडे असायचं. “हे पास कोणी केलं?”

“मी. डेस्कटॉपवर चाललं यार. झकास चाललं.”

“फोनवर बघितलंस?”

आकाशने मान खाली घालून कीबोर्ड पुसायला घेतला. उत्तर मिळालं.

परीक्षा गुरुवारी होती. सहाशे मुली, कुणी जव्हारच्या, कुणी किनवटच्या, बहुतेकींकडे घरातला एकुलता एक फोन. औषधाचा डोस चुकला तर काय होतं हे सपनाला कुणी सांगायची गरज नव्हती. लताबाई वीस वर्षं दवाखान्यात आया होत्या. तिने बॅग खुर्चीला अडकवली आणि तक्रारी वाचायला घेतल्या.

‘अडकतं.’ ‘गोल गोल फिरतं.’ ‘१८.४० ला थांबतं.’ ‘१८.४०.’ ‘१८.४०.’

एकच तक्रार वेगळी होती. शेवंती नावाच्या मुलीने लिहिलं होतं : ‘मॅडम उठून जातात. मग खुर्ची रिकामी दिसते. खूप वेळ. मॅडमना कोणीतरी बोलवा.’

२

आधी नेहमीचं सगळं करून झालं. ब्राउझरची जुनी साठवण, म्हणजे कॅश, साफ केली. खासगी विंडोत उघडून पाहिलं. वायफाय काढून मोबाईल डेटावर घेतलं, क्वालिटी कमी केली, ब्राउझर अपडेट केला, फोन बंद करून चालू केला. बावीसच्या बावीस फोन अठरा चाळीसला थांबत होते. पडद्यावर शर्मिष्ठा मॅडम, साठीच्या पुढच्या, निळसर साडी, पांढरा फळा, आणि तोंड अर्धवट उघडं. फळ्यावर लिहिता लिहिता त्या फ्रेमच्या डाव्या कडेकडे बघत होत्या. वर गोल चक्र फिरत राहायचं.

डेस्कटॉपवर मात्र लेक्चर सुरळीत होतं. एकतीस मिनिटं दहा सेकंद.

सपनाने ते जागेवर आणून पुन्हा लावलं. अठरा एकोणचाळीस. अठरा चाळीस. एक बारीकसा झटका. डोळ्यांची पापणी लवावी एवढाच. मॅडम पुढे बोलतच होत्या.

“हे बघ,” तिने आकाशला बोलावलं. “इथे गॅप आहे. रेकॉर्डिंगमध्ये खड्डा पडलाय. डेस्कटॉपचा ब्राउझर दांडगट, खड्डा दिसला की उडी मारून पुढे जातो. फोन बिचारा काठावर उभा राहून चित्राची वाट बघत बसतो.”

“मग फोनला पण उडी मारायला लाव ना.”

“लावीन. पण खड्ड्यात काय आहे ते आधी बघू दे.”

“खड्ड्यात काय असणार? काहीच नसणार, म्हणून तर खड्डा.”

बोलणं बरोबर होतं. पण शेवंतीने खुर्ची रिकामी पाहिली होती, आणि न दिसलेली गोष्ट कुणी तक्रारीत लिहीत नाही. सपनाने सात नंबर खाली काढला. चित्र उलगडण्याचं काम फोनच्या चिपकडून काढून घेऊन सॉफ्टवेअरकडे दिलं. त्याने फोन मंद होतो, पण चिकाटीने चालतो; शेवंतीचा जुना फोन बहुधा असाच चालत असणार. अठरा अडतीसपासून लावलं.

चक्र फिरलं नाही. मॅडमनी लिहिणं थांबवलं, डावीकडे पाहिलं, “हो, आले,” म्हणाल्या, खडूसारखं पेन खाली ठेवलं आणि उठून डाव्या कडेने फ्रेमच्या बाहेर गेल्या. चार सेकंद खुर्ची रिकामी होती. मागे पंख्याचा आवाज. मग त्या परत येऊन बसल्या आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

सपनाला हसूच आलं. एवढंच? कुणीतरी बेल वाजवली असेल, बाई उठल्या असतील.

तिने वहीत लिहिलं : ‘सात नंबर. एकूण ३१.१४.’ आणि खात्री करावी म्हणून अकरा नंबर काढला.

३

अकरा नंबरवर खुर्ची नऊ सेकंद रिकामी राहिली.

सपनाने स्टॉपवॉच लावून पुन्हा मोजलं. पुन्हा मोजताना नवाचे अकरा सेकंद झाले. चौदा नंबरवर एकोणीस. सर्व्हरवर फाइल एकच होती, तिचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत तोच होता, आणि तरी लेक्चर लांबत चाललं होतं. तिने मनाशी कारणं मांडली. जुन्या फोनांची घड्याळं मागेपुढे असतात. सॉफ्टवेअरने चित्रं ताणली असतील. पण ताणलेलं चित्र लगेच ओळखू येतं, पंख्याचा आवाज जाडा होतो. इथे पंखा जसाच्या तसा फिरत होता. रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, आणि चौदा नंबरवर अकरा नंबरपेक्षा दोन शिट्ट्या जास्त होत्या.

तिने हेडफोन घातले आणि सोळा नंबर लावला.

यावेळी खुर्ची एक मिनिटाहून जास्त रिकामी राहिली. सपना एरवी रिकाम्या फ्रेमकडे बघायचीही नाही, पण आता ती एकेक कोपरा बघत होती. पांढरा फळा, त्यावर अर्धं राहिलेलं गणित. खुर्चीवरची चौकड्यांची उशी, बसल्याचा दाब अजून तसाच. काहीही हलत नव्हतं. मग डाव्या बाजूच्या हेडफोनात, भिंतीपलीकडून यावा तसा, आवाज आला.

“कुणी आहे का?”

सपनाने हेडफोन काढून मागे पाहिलं. आकाश फोनवर कुणाशी तरी सर्व्हरबद्दल भांडत होता. तिने पुन्हा हेडफोन घातले.

“कुणी बघतंय का? बंद करू नका. चालू ठेवा.”

शर्मिष्ठा मॅडमचा आवाज. त्याच क्षणी पडद्यावर शर्मिष्ठा मॅडम डावीकडून आत आल्या, उशीवर बसल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. “तर बरं का, अडीचशे मिलिग्रॅमची गोळी असेल तर...”

आणि हेडफोनात, त्या बोलण्याच्या खाली, तोच आवाज अजून बारीक होत म्हणत होता, “चालू ठेवा, चालू ठेवा.”

मॅडम फळ्यावर गणित पुरं करत होत्या. डाव्या हाताने. सपनाने मागे नेऊन पाहिलं. अठरा चाळीसच्या आधी पेन उजव्या हातात होतं. चित्र उलटं झालं असेल म्हणावं, तर फळ्यावरची अक्षरं सुलटी होती. तिने डेस्कटॉपवर पाहिलं, तिथेही झटक्यानंतर डावाच हात.

तिने शर्मिष्ठा मॅडमना फोन लावला.

४

“अगं सपना, बोल ना,” मॅडम म्हणाल्या. आवाजात गोडवा होता. सपनाचं त्यांच्याशी हे पहिलंच बोलणं. तिने नुकतंच नाव सांगितलं होतं.

“मॅडम, रेकॉर्डिंग मंगळवारी झालं ना? त्यात तुम्ही मध्ये उठला होतात का? अठराव्या मिनिटाच्या सुमारास?”

“छे. एका दमात केलं.”

“दारावर कुणी आलं होतं, कुणी हाक मारली होती?”

“मी एकटी राहते गं. मला कोण हाक मारणार?” मग त्या म्हणाल्या, “तसं काही दिसत असेल तर तेवढं कापून टाका ना. कशाला ठेवायचं? मुलींचा वेळ जातो.”

“मी घरी येऊन बघू का? जागा बघितली की मला कळेल.”

“ये की. चहा टाकते.”

फोन ठेवेस्तोवर रेवती टेबलापाशी येऊन उभी होती. रेवती ऑफिस सांभाळायची. मुलींचे फोन तिलाही येत होते. “सापडलं म्हणे? आकाश सांगतोय, मधला तुकडा काढला की सगळीकडे चालेल.”

“चालेल. पण रेवती, तुकडा काढू नकोस. त्यात कुणीतरी बोलतंय.”

“कोण?”

सपनाने हेडफोन पुढे केला. रेवतीने ऐकलं, पूर्ण एक मिनिट. “पंखा आहे,” ती म्हणाली. “सपना, गुरुवारी परीक्षा आहे. मुली माझ्याशी फोनवर रडतायत. चार वाजता कापलेली फाइल चढवायची आणि जुनी सर्व्हरवरून उडवायची. बाकीचं परीक्षेनंतर बघ.”

चूक रेवतीची नव्हती, मुली खऱ्याच होत्या. सपनाने घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. तिने सात नंबर, हेडफोन आणि चार्जर बॅगेत टाकला.

“आकाश, चार म्हणजे चार. एक मिनिट आधी नको.”

“तू चाललीस कुठे?”

“मुलुंडला. व्हिडिओ चालतोय का बघायला.”

५

मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर मॅडमचं घर होतं. रिक्षाने जेव्हीएलआरच्या जोडरस्त्यावर चाळीस मिनिटं खाल्ली आणि जिना चढेपर्यंत साडेतीन झाले. दार उघडंच होतं.

“आलीस? बस,” मॅडम म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. निळसर साडी तीच.

हॉलमध्ये फळा होता, खुर्ची होती, चौकड्यांची उशी होती. समोर फोनचा स्टँड. बाजूच्या टेबलावर राउटर. सपना स्टँडच्या मागे उभी राहिली, म्हणजे व्हिडिओत जसं दिसतं तसं दिसेल. आणि तिला समजलं की आपण इतका वेळ काय गृहीत धरलं होतं. खुर्चीच्या डावीकडे दार नव्हतं. पॅसेज नव्हता. हात लांब केला की लागेल इतक्या जवळ भिंत होती, पिस्ता रंगाची, ऑइलपेंट मारलेली, छतापासून जमिनीपर्यंत कोरी. डाव्या कडेने बाहेर जायला जागाच नव्हती. उठलेलं माणूस दोन पावलांत भिंतीला धडकलं असतं.

तिने भिंतीवर टकटक केलं. भरीव.

“पलीकडे काय आहे मॅडम?”

“काही नाही. बाहेरची भिंत ती. चौथा मजला,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. पाठोपाठ भांड्याचा आवाज. चहाचा वास मात्र येत नव्हता.

टेबलावर गोळ्यांची डबी होती, आठवड्याच्या वारांचे खण असलेली, प्रत्येक वाराला सकाळ आणि रात्र. झाकणावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रक्तदाब – चुकवू नये’. पारदर्शक झाकणातून सगळं दिसत होतं. सोमवारचे दोन्ही खण रिकामे. मंगळवार सकाळ रिकामा. मंगळवार रात्रीपासून रविवार रात्रीपर्यंत सगळे खण भरलेले.

पस्तीस वर्षं मुलींना औषधांच्या वेळा शिकवणारी बाई. सहा दिवस.

विसरल्या असतील, सपनाने स्वतःला सांगितलं. म्हातारी माणसं विसरतात. दुसऱ्या पट्टीतल्या गोळ्या घेतल्या असतील. पण तिचे हात तोपर्यंत कामाला लागले होते. सात नंबर तिने राउटरला जोडला, स्टँडवर चढवला आणि पडद्याचं तोंड खोलीकडे केलं. चार वाजायला अठरा मिनिटं होती. हेडफोन लावले नाहीत. आवाज पूर्ण केला.

“कशाला लावतेस ते?” स्वयंपाकघरातून मॅडम म्हणाल्या. “कापून टाका म्हटलं ना.”

“एकदाच बघते मॅडम,” सपना म्हणाली आणि अठरा अडतीसवर बोट ठेवलं.

६

“हो, आले,” पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या आणि डाव्या कडेने निघून गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची. पडद्याबाहेर, चार हातांवर, तीच खुर्ची, तितकीच रिकामी.

मिनिट गेलं. दोन गेली. स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

“कुणी आहे का?”

आवाज फोनमधून आला, हे सपनाने स्वतःला दोनदा बजावलं. तरी तिची मान भिंतीकडे वळलीच.

“आहे,” ती म्हणाली. रेकॉर्डिंगशी बोलतोय याची तिला लाज वाटली. “मी आहे. बोला.”

“बंद करू नका गं.”

आणि पडद्याच्या डाव्या कडेवर चार बोटं आली. दाराच्या चौकटीला धरावं तशी, नखं पांढरी पडलेली.

सपना भिंतीपाशी गेली. तिथे बोटं नव्हती. गुळगुळीत, थंड रंग होता. तिने हात टेकवला आणि मान तिरकी करून फोनकडे पाहिलं.

पडद्यावर, मंगळवारी रेकॉर्ड झालेल्या त्या व्हिडिओत, एक हात आला होता. मनगटावर हिरव्या पट्ट्याचं घड्याळ. तिचंच.

तिला ओरडायचं होतं. ती ओरडली नाही. सात वर्षांत तिला एक सवय लागली होती, काही विचित्र दिसलं की आधी ते पुन्हा करून बघायचं. तिने बोटं हलवली. पडद्यावरची बोटं हलली. डोळ्यांसमोर तिचा हात भिंतीवर सपाट होता. पडद्यावर तो हवेत होता आणि त्या चार बोटांपासून वीतभर लांब. तिने भिंतीकडे बघणं सोडून दिलं. आरशात बघून भांग पाडतात तसं फक्त पडद्याकडे बघत तिने हात सरकवला. थोडा वर. थोडा पुढे.

एक हात तिच्या हातात आला. बारीक, कोमट, घामेजलेला. त्याने लगेच तिच्या मनगटाला विळखा घातला, बुडणारं माणूस घालतं तसा.

“सपना,” मागून मॅडम म्हणाल्या. अगदी दारातून. “चहा निवतोय.”

सपनाने ओढायला सुरुवात केली.

“ते सोड. मी इथे आहे ना? माझ्याकडे बघ.”

सपनाने पडद्यावरून नजर काढली नाही. डाव्या कडेतून मनगट आलं, निळसर साडीची कड आली. मागे पावलं वाजली, पण तिच्याकडे नाही, टेबलाकडे गेली. खटकन स्विच बंद झाल्याचा आवाज आला.

राउटर.

पडद्यावर चित्र गोठलं. त्यावर चक्र फिरू लागलं. हातातला हात एकदम कडक झाला, लाकडाचा असावा तसा, ना थंड ना गरम. बोटं तिच्या मनगटावर तशीच रुतलेली.

“बघ, बंद पडलं,” मागचा आवाज हळुवारपणे म्हणाला. “आता सोड.”

“बंद नाही पडलं,” सपना म्हणाली. “लोड होतंय.”

उजव्या हाताची पकड न सोडता तिने डाव्या हाताने खिशातून स्वतःचा फोन काढला. अंगठा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा हॉटस्पॉट चालू झाला. ऑफिसचं वायफाय गेलं की सात नंबर कायम तिच्याच हॉटस्पॉटवर चालायचा. त्याला तिचं नाव पाठ होतं. चक्र फिरत राहिलं. तिच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, कुणीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखं वाटलं, पण श्वास लागला नाही. चक्र फिरत राहिलं. वाट बघणं हेच तर तिचं काम होतं.

चक्र गेलं. पंख्याचा आवाज आला. हातातला हात कोमट झाला.

सपनाने खुर्चीच्या पायाला पाय लावला आणि सगळं अंग मागे झोकलं.

खुर्ची उलटली. ती जमिनीवर आदळली आणि तिच्या अंगावर कुणीतरी आदळलं, चांगलं वजनदार, धापा टाकणारं, घामाचा आणि पावडरचा वास येणारं माणूस. शर्मिष्ठा मॅडम उठून बसल्या. त्यांच्या उजव्या मनगटावर चार लाल वळ होते. त्यांनी आधी भिंत पाहिली, मग पडलेली खुर्ची, मग टेबलावरची डबी.

“रात्रीची गोळी घ्यायचीय,” त्या म्हणाल्या. घसा बसला होता. “आज मंगळवारच ना?”

मग त्यांनी सपनाकडे निरखून पाहिलं.

“आणि तू कोण गं?”

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. कुणीतरी कप विसळत होतं.

सपनाने स्टँडवरून सात नंबर ओढून घेतला, डबी उचलली आणि मॅडमच्या दंडाला धरलं. “मी सपना. सांगते सगळं. आधी खाली चला. मागे बघू नका.”

७

रिक्षा हायवेला लागली तेव्हा सपनाचं सांगून झालं होतं. मॅडमच्या पायात चपला नव्हत्या. सपनाच्या बाटलीतल्या पाण्याने त्यांनी गोळी घेतली. उजव्या हाताने.

“कुणी बोलावलं होतं तुम्हाला?” सपनाने शेवटी विचारलं.

“हाक आली. ‘शर्मिष्ठा, जरा ये’ अशी. घरातल्या माणसाला जावं तशी गेले.” मग त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “आवाज माझाच होता.”

चार वाजून सहा मिनिटांनी आकाशचा फोन आला.

“झालं. जुनी फाइल गेली, नवी चढली. बावीसपैकी एकवीस फोनवर बघितली, चालली. बाविसावा तू नेलायस.”

“नवीही काढून टाक,” सपना म्हणाली. “अठरा चाळीसच्या पुढचं काहीही ठेवू नकोस. आज संध्याकाळी मॅडम नवीन लेक्चर देतील. रेवतीला सांग, मुलींना रात्री मिळेल, माझी जबाबदारी.”

“हां, म्हणजे तुमचं बोलणं झालंय वाटतं. त्यांचा आत्ताच फोन आला होता ना.”

“कुणाचा?”

“शर्मिष्ठा मॅडमचा. घरच्या नंबरवरून. तू न सांगता निघून गेलीस म्हणत होत्या, चहा तसाच राहिला म्हणे. ऑफिसचा पत्ता घेतला. येतेच म्हणाल्या.”

शेजारी मॅडम पावलावरची धूळ पुसत होत्या. सपनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आकाश, नीट ऐक. त्या आल्या तर कुणीही त्यांच्यासमोर कॅमेरा चालू करायचा नाही. कुणाचाच फोन नाही. आणि त्यांनी हाक मारली तर जायचं नाही. मी नंतर सांगते. आत्ता फक्त हो म्हण.”

“हो,” आकाश म्हणाला.

तिने पुढे वाकून रिक्षावाल्याला सांगितलं, “भाऊ, अंधेरी राहू द्या. बोरिवलीला घ्या.” तिथे मॅडमची बहीण सुहासिनी राहायची, जिन्यात विचारून घेतलं होतं. “मॅडम, मात्रांचं गणित पुस्तकाशिवाय शिकवाल?”

“पस्तीस वर्षं शिकवतेय,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लेक्चरमधल्यासारखा ताठ आला. “मला फळा दे फक्त.”

“देते. मी समोर बसेन. शेवटपर्यंत.”

तिने सात नंबर मांडीवर घेतला आणि कामांची यादी उघडली. परीक्षेच्या हंगामात घाईघाईने, नुसतं डेस्कटॉपवर बघून पास केलेली लेक्चर्स आकाशने वेगळी नोंदली होती. एकोणचाळीस होती. वेगवेगळे शिक्षक, वेगवेगळी घरं. तिने पहिलं लावलं आणि आवाज वाढवून ती बघू लागली.

सहाव्या मिनिटाला एक बारीकसा झटका आला.

तिने खुणेसाठी पेन काढलं, वेळ लिहिली, आणि ते पुन्हा मागे नेलं.